बालवाडीच्या बाईंना पगार किती मिळतो?

मुलीसाठी पुण्यात बालवाडी शोधताना पेठांपासून कोथरूडपर्यंत बऱ्याच शाळा पाहिल्या. वर्गात शिकवणारा पुरुष कुठेच दिसला नाही. पुरुष होते ते गेटवर, व्हॅनवर आणि संस्थेच्या ऑफिसात.

यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-संकलनाच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशात शालेय शिक्षकांमध्ये स्त्रिया ५४.२ टक्के आहेत. उच्च शिक्षणात २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत त्या ४३.४ टक्केच होत्या. पगार वाढत जातो तशा बायका कमी होत जातात.

"बायकांना लहान मुलांचं उपजतच जमतं" हे मला अजिबात पटत नाही. तीन-तीन वर्षांची वीस मुलं गोष्टीत गुंतवून ठेवणं शिकून आणि सरावानेच येतं. उपजत म्हटलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढंच. अंगणवाड्यांची योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तरी सेविकांना आजही मानधनच मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. आणि २०२० चं शैक्षणिक धोरण याच वयाला शिक्षणाचा पाया म्हणतं!

गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सोबतीने काम करत होत्या. म्हणजे पुरुषाला हे जमत नाही असं मुळीच नाही. आज एखाद्या तरुणाला बालवाडीत शिकवावंसं वाटलं, तरी त्या पैशांत त्याचं घर चालणार नाही. बाईचंही चालत नाही, पण तिला ते कुणी विचारत नाही. पुरुष शिक्षक म्हटलं की पालकांना धास्ती वाटते, मलाही वाटते. त्यावर उपाय पोलीस पडताळणी आणि प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, हा आहे.

कॉलेजात दुखणं वेगळं. माझ्या ओळखीतल्या नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा आणि पीएचडी झालेल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत. तास झाला तर पैसे, सुट्टीत काहीच नाही. पुरुषही यात भरडले जातात, पण "एवढ्याशा पैशांसाठी कशाला दगदग, सोड ना" हे घरात आधी बाईलाच ऐकवलं जातं. ज्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे, त्याच्या कॉलेजांत तरी या जागा कायमच्या भरायला हव्यात.

प्रवेश घेताना आपण फी विचारतो, बस विचारतो. यंदा मी बाईंचा पगारही विचारला. एकाही शाळेने उत्तर दिलं नाही. पहिल्याच पालकसभेत पुन्हा विचारणार आहे. तुम्हीही आपापल्या शाळेत विचारा, आणि उत्तर मिळालं तर इथे लिहा.