‘सातारकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: आमरीचे कंद आणि तुमची गॅलरी

सातारकर, नमस्कार. खरं नाव लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

पाचगणीच्या हबेआमरीवरच्या (हबेनारिया पंचगणिएन्सिस; आमरी म्हणजे ऑर्किड) लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "पुण्यात बसून पठाराचा पुळका दाखवणारे खूप पाहिले. नाहीतरी गुरं तुडवणारच, मग दोन कंद घरी नेले तर झाड निदान जगेल तरी. आमच्या गॅलरीत आहेत. आणि चराई बंद करून गवत माजलं, त्याचं काय?"

मुद्दा मांडा, पण ही बोलायची रीत झाली का? मी सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात लहानाची मोठी झाले. आजोबांची गुरं सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, चरायची आणि पावसात त्यांच्यामागे मीही असायचे. २०१२ साली कास पठाराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही फुलं मी ओळखते.

पण "घरी नेले तर जगेल" हे वाचून उद्या कुणीतरी खुरपं घेऊन निघेल, म्हणून सविस्तर लिहिते. हबेआमरीचा कंद म्हणजे बटाटा नव्हे. जुना कंद त्या वर्षीचा तुरा उभा करण्यात संपतो. त्याच पावसात शेजारी नवा भरत असतो. तो जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत उन्हाळा काढून पुढच्या पावसाला फुटतो. तुम्ही फुलं बघून उपटता, तेव्हा जुना रिकामा झालेला असतो आणि नवा अर्धवट.

बरं, एखादा तगलाच. पुढे काय? आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अंकुराला पुरेल एवढं अन्नच नसतं. मातीतली विशिष्ट बुरशी अंकुराला पोसते, तेव्हाच ते रुजतं. ती बुरशी तुमच्या विकतच्या खतमातीत कुठून येणार? आणि सड्यावर ज्या झाडाचं बी पडायचं, ते तर तुम्ही उचलून नेलंत! प्रयोगशाळेत बी रुजवणं निराळं, त्यासाठी एखादं बोंड पुरतं, कंद उपटावा लागत नाही.

चराईबद्दल इथे वाद घालणार नाही. गुराख्यांविरुद्ध मी एक अक्षरही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा.

तुमच्या गॅलरीतले कंद कुठल्या सड्यावरचे आहेत, ते मला ईमेलने कळवा. इथे जागेचं नाव लिहू नका, लिहिलंत तर प्रतिक्रिया काढून टाकेन.