अंतर भागिले स्पीड म्हणजे प्रवास नव्हे

सकाळी फॅमिली ग्रुपवर पुतण्याने एक स्क्रीनशॉट टाकला. दोन एअरपोर्टची नावं लिहिली की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट असतात ना, त्यातल्या एकीचा. खाली लिहिलंय, 'एवढेच तर तास आहेत, आत्या उद्या दुपारी घरात, आजीला सांगा.' डोकंच फिरलं माझं.

अरे, ती साइट करते काय, तर पृथ्वीच्या गोळ्यावर दोन टोकांमधली सगळ्यात जवळची रेषा मोजते आणि ताशी आठ-नऊशे किलोमीटरने भागून मोकळी होते. त्या दोन गावांमध्ये थेट विमान आहे का, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

बाबा आयसीयूत होते तेव्हा दादा परदेशातून निघाला होता. कोणीतरी असंच मोबाइलवर बघून बाबांना सांगून टाकलं, सकाळपर्यंत पोचतोय तो. बाबांनी ते धरूनच ठेवलं, दार वाजलं की मान वळवायचे, आणि दादा तेव्हा मधल्याच एका एअरपोर्टवर अडकलेला, कारण पहिलं विमान उशिरा सुटलं आणि पुढचं हुकलं.

लंडन-न्यूयॉर्कच घ्या. अंतर साधारण साडेपाच हजार किमी, जाताना-येताना तेवढंच. पण न्यूयॉर्कला जायला आठ तासांच्या आसपास लागतात आणि परतताना सात, कारण वरचा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोराचा वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर एक विमान पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं. आणि फिनलंडचं हेलसिंकी ते टोकियो? २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं, विमानाला वळसा पडला आणि नऊ-साडेनऊ तासांची फ्लाइट तेराच्या घरात गेली. एअरपोर्ट जागचे हलले का कुठे?

बरं, सिंगापूर-न्यूयॉर्कसारखी थेट फ्लाइट असली तर १५,३०० किमीला एकोणीसेक तास, तिथे हिशोब बऱ्यापैकी जुळतो, मान्य. बाकीच्यांनी काय करायचं? मधला थांबा, परत सिक्युरिटी, इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यापाशी बॅगेची वाट, हे कुठल्या किलोमीटरमध्ये धरायचं?

बाबा दुपारभर नर्सला विचारत होते, विमान उतरलं का हो. तिने तरी काय सांगायचं. दादा रात्री आला, बाबा शुद्धीत होते, त्याचा हात घट्ट धरला, बोलले मात्र काहीच नाहीत. भेट झाली हे नशीब, पण त्यांचा तो अख्खा दिवस दाराकडे बघण्यात गेला, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

पुतण्यावर राग नाही माझा, तेव्हा लहान होता तो, आणि आजीच्या काळजीपोटीच लिहिलंय त्याने. बाळा, आत्याचं तिकीट उघड. त्यावर निघायची वेळ तिकडची असते आणि पोचायची इकडची, तो फरक धरून हिशोब कर, वर चार-पाच तास टाक. आजीला आत्ता फक्त 'परवापर्यंत येईल' म्हण. आणि आत्या दुसऱ्या विमानात बसल्याचा मेसेज आला की आधी मला फोन कर.