‘निवड गेली की गेम मेला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि झणझणीत आहे. तिला चार ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून स्वतंत्र पोस्टच लिहितोय. मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी सांगतो: सायन्स फिक्शन रोलप्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र चालवायचा खेळ) पडद्यावर आणायचा तर त्याचं कथानक उचलू नका, त्याचे नियम उचला, असं मी म्हटलं होतं. दाखले दिले होते ‘द एक्सपान्स’ आणि ‘सायबरपंक: एजरनर्स’ या मालिकांचे. त्यावर तुमचे आक्षेप असे. एक, आरपीजीची सगळी मजा खेळाडूच्या निवडीत असते, पडद्यावर निवडच नाही, तर उरतं काय? दोन, ‘एक्सपान्स’ ही कादंबऱ्यांवरची मालिका आहे, तिला गेमचं रूपांतर म्हणणं ही चलाखी झाली. तीन, ‘फॉलआउट’ या गेमवरच्या मालिकेचा मी उल्लेखही केला नाही, कारण ती माझ्या सिद्धांतात बसत नाही. आणि शेवटी चिमटा: “एवढं कळतं तर तुम्हीच सांगा, कोणता गेम आणाल आणि कसा?”

निवडीपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा भार तिच्यावरच आहे.

टेबलाभोवती पाच खेळाडू आणि सहावा गेम मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि नियम सांभाळणारा, असं धरा. चार तासांच्या बैठकीत तुमच्या वाट्याला येणारा वेळ किती? गेम मास्टरचं बोलणं वजा केलं तर अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. उरलेला वेळ तुम्ही बघत असता. शेजारच्याचा फासा कुठे थांबतो ते बघता, त्यानं दार उघडू नये म्हणून जीव मुठीत धरता, आणि तो उघडतोच. कॅरमबोर्डाभोवती चार जण खेळतात नि दहा जण उभे असतात, आणि आरडाओरडा त्या दहांचाच जास्त असतो, तसलाच हा प्रकार. प्रेक्षक हा आरपीजीत बाहेरून घुसलेला प्राणी नाही, तो पहिल्या दिवसापासून टेबलावर बसलेला आहे.

पुरावा हवा असेल तर ‘क्रिटिकल रोल’कडे बघा. (तो फँटसीचा मामला आहे, कबूल, पण मुद्दा तोच.) २०१५ पासून काही व्हॉइस अ‍ॅक्टर कॅमेऱ्यासमोर बसून तीन-तीन, चार-चार तास गेम खेळतात आणि लोक ते बघतात. बघणाऱ्याच्या हातात एकही निवड नसते. २०१९ मध्ये या मंडळींनी एका अ‍ॅनिमेशनपटासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साडेसात लाख डॉलर मागितले, तेव्हा जमले १ कोटी १० लाखांच्या वर. निवड गेली की गेम मेला असता, तर हे पैसे कोणी आणि कशासाठी दिले?

माझ्या मते टेबलावर बांधून ठेवते ती निवडीची किंमत. तुम्ही काहीही ठरवा, नियम तुमच्या नावावर बिल फाडतो, आणि ते बिल गेम मास्टरच्या मर्जीनं माफ होत नाही. पडद्यावर निवड आणता येत नाही, हे तुमचं बरोबर. बिल मात्र आणता येतं.

‘सायबरपंक’ घ्या. माइक पॉन्डस्मिथ यांचा हा टेबलटॉप गेम १९८८ चा, आणि १९९० च्या ‘सायबरपंक २०२०’ या आवृत्तीमुळे तो घराघरांत नसला तरी हॉस्टेलाहॉस्टेलांत पोचला. त्यात एम्पथी नावाचा एक आकडा असतो. त्याला दहानं गुणलं की तुमची ह्युमॅनिटी येते. एम्पथी ६ असेल तर ह्युमॅनिटी ६०. आता तुम्हाला यांत्रिक हात बसवायचाय. पैसे मोजा, शिवाय फासे टाका, आणि फासे दाखवतील तेवढी ह्युमॅनिटी कागदावरून खोडा. डोळा हवा? पुन्हा फासे. दर दहा गुण गेले की एम्पथी एकानं उतरते, म्हणजे माणसांशी बोलणं, त्यांना समजून घेणं तुमच्या पात्राला तेवढं जड जातं. एम्पथी शून्यावर आली की तुम्ही हरत नाही, मरतही नाही. तुमचा कॅरेक्टरचा कागद गेम मास्टरच्या हातात जातो. इतके महिने तुम्ही ज्याला चालवलंत तो आता त्याचा, आणि बहुतेक वेळा पुढच्याच प्रसंगात तुमच्याच साथीदारांवर गोळ्या झाडत येणार. सायबरसायकोसिस म्हणतात तो हाच.

आता गंमत बघा. २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा त्यात तुमच्या पात्राला हा नियम लागूच नव्हता. तुम्ही चालवता त्या व्ही नावाच्या पात्राच्या अंगात मावेल तेवढं लोखंड भरा, डोकं ठिकाणावर राहतं. रस्त्यावरचे इतर लोक वेडे होतात, तुम्ही नाही. म्हणजे ज्या माध्यमात निवड शिल्लक होती, तिथे बिल गायब. आणि २०२२ च्या सप्टेंबरात ट्रिगर स्टुडिओची दहा भागांची ‘एजरनर्स’ आली, दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी. तिथे निवड नावालाही नाही, पण मालिकेचा कणा म्हणजे तोच १९९० चा नियम. नायक डेव्हिड मार्टिनेझ पाठीच्या कण्यात सँडेव्हिस्टान हे वेग वाढवणारं यंत्र बसवून घेतो, आधी थोडं रक्त येतं, मग औषधाचा डोस वाढतो, मग हात थरथरतात. टोळीचा म्होरक्या मेन त्याच्या डोळ्यांदेखत हाताबाहेर जातो. त्यातून डेव्हिड काय शिकतो? मेनचेच हात स्वतःला लावून घेतो. ‘मला काही होत नाही, मी वेगळा आहे’ ही त्याची घमेंड ज्यानं कधी गेम मास्टरगिरी केलीय त्याला ओळखीची वाटेल. प्रत्येक टेबलावर असं म्हणणारा एक जण असतोच, आणि त्याच्या कागदावर ह्युमॅनिटी १२ उरलेली असते.

ती मालिका बघताना डेव्हिड वाचेल का, हा प्रश्न मला फारसा पडला नाही. अजून किती गुण उरलेत, हेच मी मोजत होतो. आकडा पडद्यावर एकदाही दिसत नाही, तरी मोजता येतो. याला मी नियम उचलणं म्हणतो. मालिकेनंतर त्याच महिन्यात रोज दहा लाखांवर लोक तो व्हिडिओ गेम खेळताहेत, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. मेलेल्या गेमकडे लोक असे परतत नसतात.

‘एक्सपान्स’बद्दल तुम्ही माझ्यावर चलाखीचा आरोप केलाय. तिथे वंशावळ पुन्हा एकदा बघू. टाय फ्रँक यांनी ते जग मुळात एका ऑनलाइन गेमच्या प्रस्तावासाठी रचलं. तो प्रस्ताव बारगळला, तेव्हा त्यांनी त्याच जगात फोरमवर आणि पुढे टेबलावर आरपीजी चालवला. डॅनियल एब्राहम त्या टेबलावर खेळायला बसले, फ्रँक यांच्या टिपणांचं बाड बघितलं आणि याची कादंबरी होईल म्हणाले. दोघांनी जेम्स एस. ए. कोरी या नावानं लिहिलेली पहिली कादंबरी २०११ ची, आणि टीव्ही मालिका २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाली. म्हणजे गेम हा आजोबा आणि कादंबरी ही आई. नातवाच्या चेहऱ्यात आजोबा दिसतात असं म्हणायला आईची परवानगी लागू नये.

आणि दिसतात कुठे, तर शेड गार्वी या पात्राच्या मरणात. पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात मंगळाच्या डॉनेजर या अंतराळातल्या युद्धनौकेवर शेड आणि त्याचे साथीदार एका खोलीत अडकलेले असतात. बाहेर लढाई चाललीय. शेड काहीतरी बोलतोय, आणि वाक्य अर्धंच राहतं, कारण एक रेलगनचा गोळा भिंतीतून आत येऊन समोरच्या भिंतीतून निघून गेलेला असतो आणि वाटेत त्याचं डोकं असतं. ना संगीत, ना शेवटचे शब्द. दोन्ही भिंतींना भोकं पडलीत आणि हवा निघून चाललीय, त्यामुळे बाकीच्यांना शोक करायला फुरसत नाही, आधी भोकं बुजवायची. एवढं निर्दय मरण सुचलं कसं? सुचलं नाही. फ्रँक यांच्या गेममध्ये शेडला खेळवणाऱ्यानं मधेच खेळ सोडला, म्हणून त्यांनी ते पात्र मारलं. पटकथा शिकवणारा कोणीही असं पात्र दोन-तीन भाग घडवून, एखादा हृद्य प्रसंग देऊन मग मारायला सांगेल. टेबलाला ते परवडत नाही, पुढच्या शनिवारी खुर्ची रिकामीच असते. तो उर्मट आकस्मिकपणा कादंबरीत टिकला, आणि मालिकेतही टिकला. लेखक स्वतः पटकथा-लेखनात होते, शोरनर, म्हणजे मालिकेची सूत्रं सांभाळणारे, नरेन शंकर कॉर्नेल विद्यापीठाचे पीएचडी. भौतिकशास्त्राला गेम मास्टर नेमायची तयारी असलेले लोक होते हे.

बरं, मालिका कादंबरीला चिकटून राहिली असंही नाही. पृथ्वीवरच्या राजकारणी अवासराला बाई दुसऱ्या कादंबरीत येतात, मालिकेत त्या पहिल्याच सीझनपासून भरजरी साड्या नेसून राजकारण करतात. ड्रमर ही व्यक्तिरेखा तर कादंबरीतल्या अनेक जणांना एकत्र करून उभी केली. म्हणजे कथानकाची मोडतोड बिनदिक्कत झाली. शाबूत राहिलं ते असं: एक जहाज, त्यावर एकमेकांवर पुरता विश्वास नसलेले चार-पाच जण, आणि जोरात वेग घेतला की सगळ्यांच्याच हाडांवर येणारा भार. पाचव्या सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागाला जी मरगळ वाटते (मला तरी वाटते), तिचं कारणही हेच. होल्डन, नेओमी, अ‍ॅलेक्स, एमोस हे जहाजावरचे चौघे चार दिशांना चार ठिकाणी. एकेकटा छान आहे, पण टेबल मोडलेलं आहे.

आता ‘फॉलआउट’. ती मी टाळली नाही, लेख लांबला म्हणून राहिली. पण ती माझ्या विरुद्ध जाते असं मला वाटत नाही. १९९७ चा मूळ गेमही टेबलटॉपच्याच पोटचा; आधी तो जीयूआरपीएस या टेबलटॉप नियमांवर बांधला जात होता, ते फिसकटल्यावर त्याची स्वतःची पद्धत आली. २०२४ ची मालिका यातल्या कुठल्याच गेमची गोष्ट सांगत नाही. ती २२९६ मध्ये, तोवरच्या सगळ्या गेमच्या नंतर घडते. तुम्ही म्हणता तिथे नियम नाहीत, नुसती निळी-पिवळी सजावट आहे. पहिल्याच भागात नायिका लूसी स्वतःची ओळख करून देते तेव्हा काय म्हणते ते ऐका: दुरुस्ती, विज्ञान, संभाषण यांत प्रगती चालू आहे! बाई कॅरेक्टर शीट वाचून दाखवतेय. मग ती जमिनीखालच्या आसऱ्यातून वर येते आणि संभाषणात घातलेले सगळे गुण पहिल्या तासातच मातीत जातात. पुढे घूल नावाचा किरणोत्सर्गानं विद्रूप झालेला बंदूकबाज तिला सुनावतो, की या ओसाडीत माणूस दर वेळी कुठल्यातरी फालतू कामात अडकून मुख्य वाट विसरतो. ‘फॉलआउट’मध्ये वडिलांना शोधायला निघून तीन रात्री कुणाच्यातरी हरवलेल्या वस्तू शोधण्यात घालवलेला कोणीही त्या वाक्याला हसेल. आणि लोक भांडले कशावर? गेममधल्या शेडी सँड्स या शहराच्या पाडावाचं साल मालिकेतल्या एका फळ्यावर २२७७ असं खडूनं लिहिलंय, त्यावर. कथानकाशी इमान राखण्याच्या नादात हे असं होतं, माणसं फळा वाचत बसतात.

राहिला चिमटा. मी ‘ट्रॅव्हलर’ आणेन.

१९७७ चा गेम, मार्क मिलर यांचा. त्याच्या काळ्या खोक्यावर चित्रच नव्हतं, फक्त बिओवुल्फ नावाच्या व्यापारी अंतराळ-जहाजाची मदतीची हाक छापलेली. त्यात नायक तरणाबांड नसतो. चार-चार वर्षं नौदलात, स्काउटमध्ये, व्यापारी जहाजांवर घालवून, प्रत्येक वेळी जगण्याचा फासा टाकून तो बाहेर येतो. फासा उलटा पडला तर खेळ सुरू व्हायच्या आधीच पात्र मेलेलं. चौतिशीनंतर अंग कुरकुरायला लागतं, त्यालाही नियम आहे. आणि जहाज मिळतं ते कर्जावर. सगळ्यात साधं फ्री ट्रेडर ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिटचं, हप्ता महिन्याला १ लाख ५४ हजार ५००, आणि हप्ते ४८०. चाळीस वर्षं! प्रकाशापेक्षा वेगवान रेडिओ त्या विश्वात नाही, बातमी जहाजाच्याच वेगानं जाते. म्हणजे हप्ता चुकवून पळालात तर बँकेची नोटीस तुमच्या मागच्या जहाजात असते. खलनायक वेगळा कशाला हवा?

माझा पहिला भाग लढाईचा नसेल. जहाजात आठ गोठवलेले प्रवासी आहेत, तिकीट हजार क्रेडिट, कारण त्याहून महागडं परवडणारं कोणी त्या बंदरात भेटलं नाही. पोचल्यावर प्रत्येकाला जागं करायचं, प्रत्येकासाठी दोन फासे, पाच किंवा वर पडले तर माणूस उठतो. म्हणजे सरासरीनं सहातला एक उठत नाही. आणि नियमांच्या पुस्तकात लो लॉटरी म्हणून एक तरतूद आहे: झोपण्याआधी या प्रवाशांच्या तिकिटातून दहा-दहा क्रेडिट बाजूला काढायचे, किती जण जिवंत उठतील यावर प्रत्येकानं आकडा लावायचा. ज्याचा आकडा जुळला तोच उठला नाही, तर पैसे कप्तानाला.

आता हप्ता थकलेल्या कप्तानाला त्या खोलीत डॉक्टरसोबत उभा करा. डॉक्टर कुशल असेल तर फाशात एक मिळवायचा असतो, आणि डॉक्टरचा पगार दोन महिन्यांचा बाकी आहे.

निर्माता तुम्ही शोधा. आठापैकी सात उठतील यावर माझे दहा क्रेडिट.