मार्को मॅटेराझीवरच्या आरोपांना उत्तर

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की एक मजकूर हटकून हातोहात फिरू लागतो. सोबत २००६ च्या बर्लिनमधील अंतिम सामन्याचे छायाचित्र असते, ज्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदानचे डोके मार्को मॅटेराझीच्या छातीवर आदळलेले दिसते. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे, की मॅटेराझी हा वडिलांच्या ओळखीवर वर आलेला, सामान्य कुवतीचा बचावपटू होता. इटलीचा नेहमीचा बचावपटू नेस्ता जखमी झाला म्हणून त्याला इटलीच्या संघात जागा मिळाली. त्याने झिदानला वंशावरून आणि धर्मावरून शिवी देऊन मैदानाबाहेर घालवले व फ्रान्सचा चषक चोरला. एरवी आयुष्यभर त्याने दांडगाईच केली आणि शेवटी पैसे कमवायला तो भारतात आला. यातले दांडगाईचे विधान बरेचसे खरे आहे आणि त्याकडे मी येईनच. बाकीची विधाने कुठे चुकीची, तर कुठे अर्धवट आहेत, आणि वंशद्वेषाचे विधान तर एका माणसावर अन्याय करणारे आहे.

वडिलांच्या ओळखीपासून सुरुवात करू. ज्युसेप्पे मॅटेराझी हे खेळाडू होते आणि पुढे लाझिओसारख्या क्लबचे प्रशिक्षकही झाले, हे खरेच आहे. पण या ओळखीने मुलाला काय मिळाले ते पाहावे. १९७३ साली लेच्चे येथे जन्मलेला मार्को विशीत आला तेव्हा रोममधल्या तोर दी क्विन्तो या हौशी खेळाडूंच्या क्लबात होता. तिथून सिसिलीतील मार्साला आणि त्रापानी हे खालच्या श्रेणीतले संघ, मग पेरुजा, मध्येच एका हंगामापुरते उसनवारीवर कार्पी, पुन्हा पेरुजा, १९९८-९९ मध्ये इंग्लंडचा एव्हर्टन आणि परत पेरुजा, असा हा प्रवास आहे. वशिल्याने चढलेला खेळाडू विसाव्या वर्षी मोठ्या क्लबच्या युवा संघात सापडतो. हा मात्र इटलीकडून पहिला सामना खेळला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. तो सामना एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाला, आणि झालाही पेरुजाच्याच मैदानावर.

राष्ट्रीय संघाचे दार उघडण्याचे कारण कुवतीच्या मुद्द्यालाही उत्तर देते. २०००-०१ च्या हंगामात मॅटेराझीने सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, १२ गोल केले. बचावपटूने एका हंगामात केलेल्या गोलांचा विक्रम तोवर अर्जेंटिनाच्या दानिएल पासारेला याच्या नावावर होता, ११ गोलांचा. यातले बरेच गोल पेनल्टीवरचे होते, हे सांगितलेच पाहिजे. पण क्लब आपली पेनल्टी बचावपटूच्या हाती विश्वासाशिवाय देत नाही, आणि त्याची डाव्या पायाची फ्री किक व कॉर्नरवरचा हेडर यांची धास्ती प्रतिस्पर्धी गोलरक्षकांना पेनल्टीपलीकडेही असे. त्या उन्हाळ्यात इंटर मिलानने त्याला घेतले आणि तो तिथे दहा हंगाम राहिला. त्या काळात पाच लीग विजेतेपदे (त्यातले २००५-०६ चे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, सामने निश्चितीच्या प्रकरणातील निकालामुळे इंटरकडे आले), चार इटालियन चषक आणि २०१० ची चॅम्पियन्स लीग त्याच्या वाट्याला आली. शेवटच्या काळात तो बराचसा बाकावर होता आणि २०१० च्या माद्रिदमधील अंतिम सामन्यात तर केवळ अखेरच्या क्षणांपुरता उतरला, हे मान्यच आहे. पण २००६-०७ च्या हंगामात या 'बाकावरच्या' माणसाने लीगमध्ये १० गोल केले, आणि २२ एप्रिल २००७ रोजी सिएनाविरुद्ध ज्या २-१ च्या विजयाने इंटरचे विजेतेपद पक्के झाले, त्यातले दोन्ही गोल त्याचे होते.

आता नेस्ताच्या दुखापतीचा मुद्दा. २२ जून २००६ रोजी हॅम्बुर्गमध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध गटातला शेवटचा सामना होता, आणि हरल्यास इटलीचे आव्हान तिथेच आटोपण्याची भीती होती. सतराव्या मिनिटाला अलेस्सांद्रो नेस्ता लंगडत बाहेर गेला, मॅटेराझी आत आला, आणि आल्यानंतर नऊच मिनिटांनी तोत्तीच्या कॉर्नरवर त्याने हेडरने गोल केला. याला नशीब म्हणायचे असेल तर म्हणावे, परंतु मग चार वर्षे मागे जाऊन २००२ च्या विश्वचषकातला क्रोएशियाविरुद्धचा सामनाही पाहावा लागतो. तिथेही नेस्ता जखमी झाला होता, तिथेही पहिल्या अर्ध्यातच मॅटेराझी बदली म्हणून आला होता, आणि तो सामना इटलीने १-२ असा गमावला. बचावातल्या चुकांचे खापर त्याच्यावर फुटले. शेवटच्या क्षणांत त्याने लांबून पुढे उचललेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता थेट जाळ्यात गेला, पण पुढे असलेल्या सहकारी इन्झागीने प्रतिस्पर्ध्याचा शर्ट ओढल्याचे सांगून तो गोल नाकारला गेला. संधी दोन्ही वेळा सारखीच होती. दुसऱ्या वेळी त्याने तिचे सोने केले, याचे श्रेय नेस्ताच्या स्नायूला देता येत नाही.

आणि त्या स्पर्धेचा हिशेबच मांडायचा तर पूर्ण मांडावा. इटलीने २००६ मध्ये एकूण १२ गोल केले, आणि संघात सर्वाधिक म्हणजे प्रत्येकी दोन गोल करणारे दोघेच होते, आघाडीचा लुका तोनी आणि बचावपटू मार्को मॅटेराझी. इटलीकडून ४१ सामने खेळलेल्या या माणसाने आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत केलेले गोलही एवढेच, दोन. आणि दोन्ही त्याच एका उन्हाळ्यातले.

बर्लिनच्या सामन्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण फिरणाऱ्या मजकुरात त्या सामन्याची १२० मिनिटे एका क्षणात आटोपलेली असतात. ९ जुलैच्या त्या रात्री आपल्याकडे साडेअकराला खेळ सुरू झाला. सातव्याच मिनिटाला फ्रान्सचा मलूदा आत घुसला, मॅटेराझीचा अडथळा झाला आणि पेनल्टी दिली गेली. झिदानने हलक्या पायाने उचललेला चेंडू आडव्या खांबाच्या खालच्या बाजूला लागून रेषेच्या आत पडला. संपूर्ण स्पर्धेत इटलीवर झालेले गोल दोनच, त्यातला एक झक्कार्दोने अमेरिकेविरुद्ध चुकून आपल्याच जाळ्यात मारलेला आणि दुसरा हा. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने इटलीवर केलेल्या एकमेव गोलाची जबाबदारी अंतिम सामन्याच्या सातव्या मिनिटाला याच्या माथी आली होती. त्यानंतर बारा मिनिटांनी उजवीकडून पिर्लोचा कॉर्नर आला. फ्रान्सचा पात्रिक व्हिएरा हा काही बुटका माणूस नव्हे, आणि मॅटेराझीला रोखायला तोच उभा होता. पण मॅटेराझीने किंचित आधी झेप घेतली, व्हिएराच्या खांद्यावरून तो पूर्ण उंचावला आणि मानेच्या एका झटक्याने त्याने चेंडू खाली, गोलरक्षक बार्तेझच्या आवाक्याबाहेर घातला. स्वतःच्या हातून बिघडलेले अंतिम सामन्यात बारा मिनिटांत स्वतःच सावरणारे बचावपटू मी फार पाहिलेले नाहीत.

त्यानंतर एकशे दहावे मिनिट, ज्यात मॅटेराझीचे शब्द ऐकून झिदानने त्याच्या छातीवर डोके मारले आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. इथे दोन आरोप एकत्र केले जातात, ते वेगळे केले पाहिजेत. पहिला, त्याने वंशद्वेषी शिवी दिली हा. सामन्यानंतरच्या दिवसांत ओठांच्या हालचाली वाचल्याचा दावा करत काही वृत्तपत्रांनी 'दहशतवादी' वगैरे शब्द त्याच्या तोंडी घातले. फिफाने दोघांनाही बोलावून जबाब घेतले, तेव्हा शब्द अवमानकारक होते पण वंशद्वेषी नव्हते, असे दोघांनीही सांगितले, म्हणजे झिदाननेही. शिवी आई आणि बहिणीवरून होती असे झिदान म्हणाला. आईचे नाव आपण काढलेच नाही, आपली आई आपण पंधरा वर्षांचे असताना गेली, असे मॅटेराझीने सांगितले आणि बहिणीबद्दलचे शब्द पुढे स्वतः जाहीर कबूल केले. ते शब्द घाणेरडेच होते आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. फिफाने त्याला दोन सामन्यांची बंदी व पाच हजार स्विस फ्रँक दंड केला, झिदानला तीन सामने व साडेसात हजार. वंशद्वेषाचा आरोप छापणाऱ्या ब्रिटिश वृत्तपत्रांवर मॅटेराझीने दावे लावले, आणि 'डेली मेल'ला २००८ मध्ये माफी मागून भरपाई द्यावी लागली. ज्या आरोपाला ज्याचा अवमान झाला त्या झिदानचाही दुजोरा नाही, तो आरोप वीस वर्षे पुढे ढकलत राहणे हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

दुसरा आरोप चषक चोरल्याचा. झिदान बाहेर गेला तेव्हा जादा वेळेची दहाच मिनिटे उरली होती, बरोबरी कायम होती, आणि फ्रान्सने व्हिएरा, रिबेरी व आँरी यांना त्याआधीच बाहेर घेतलेले होते. शूटआउटमध्ये फ्रान्सची एकच किक चुकली, त्रेझेगेची, जी आडव्या खांबाला लागून खाली आली पण रेषा ओलांडून गेली नाही. इटलीच्या पाचही किक जाळ्यात गेल्या, आणि त्यातली दुसरी खुद्द मॅटेराझीने मारली. नुकतीच अशी धडक खाल्लेल्या आणि शिट्ट्यांच्या गदारोळात उभ्या राहिलेल्या खेळाडूने ती किक शांतपणे कोपऱ्यात घातली, हे त्या छायाचित्राखाली कोणी लिहीत नाही. झिदान असता तर निकाल वेगळा लागला असता का, याचे उत्तर कोणाकडेच नाही. मात्र शिवी ऐकून डोके मारायचे की नाही, हा निर्णय झिदानचा होता, आणि त्याच्या बाबतीत तो पहिलाही नव्हता. २००० साली युव्हेंटसकडून खेळताना हॅम्बुर्गच्या खेळाडूला त्याने अशीच डोक्याने धडक मारली होती, आणि १९९८ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले होते. झिदानच्या थोरवीला यामुळे बाधा येत नाही. पण एकाच्या रागाचे सगळे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर लादू नये, एवढेच म्हणणे आहे. जाता जाता एक गोष्ट: बर्लिनमध्ये तो प्रकार मुख्य पंचांच्या कानावर घालणारे चौथे पंच होते स्पेनचे लुईस मेदिना कांतालेहो. याच पंचांनी दोन आठवड्यांपूर्वी ऑस्ट्रेलियाविरुद्ध मॅटेराझीला थेट लाल कार्ड दाखवले होते, आणि ते कार्ड अनेकांना तेव्हाही फार कडक वाटले होते.

आता दांडगाई. इथे मी मजकुराशी भांडणार नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटर आणि सिएना यांच्या सामन्यानंतर, ज्यात तो स्वतः खेळलाही नव्हता, त्याने मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यात सिएनाच्या ब्रुनो चिरिल्लोला मारले आणि त्यासाठी दोन महिन्यांची बंदी भोगली. २००६ मध्ये विलारेआलच्या सोरिनला त्याचे कोपर लागून रक्त आले. एव्हर्टनमधला एकच हंगामही लाल कार्डांसाठीच लक्षात राहिला. हे सारे त्याच्या खात्यावर राहणारच. परंतु त्याच खात्यावर ५ मे २००२ चा दिवसही आहे, जेव्हा इंटरने लाझिओकडून ४-२ असा पराभव पत्करून हातातले विजेतेपद घालवले आणि हा माणूस मैदानावर रडत लाझिओच्या खेळाडूंना सांगत होता, की तुम्हाला एक विजेतेपद मी मिळवून दिले आहे; संदर्भ होता दोन वर्षांपूर्वीचा, जेव्हा त्याच्या पेरुजाने पावसाने भिजलेल्या मैदानावर युव्हेंटसला हरवल्यामुळे लाझिओ विजेता ठरला होता. आणि १२ एप्रिल २००५ ची ती रात्रही आहे. मिलानच्या दोन संघांचा चॅम्पियन्स लीगचा सामना प्रेक्षकांनी फेकलेल्या जळत्या मशालींमुळे थांबला होता, गोलरक्षक दिदाच्या खांद्याला एक मशाल लागली होती, आणि लाल धुराकडे पाहत मॅटेराझी प्रतिस्पर्धी रुई कोस्ताच्या खांद्यावर सहज कोपर टेकून उभा होता. दोन कट्टर वैरी संघांचे दोन खेळाडू, बसची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्यांसारखे.

राहिला भारताचा मुद्दा. व्यावसायिक खेळाडू पैसे घेतोच, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या चेन्नईयिन संघाचा खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आलेला मॅटेराझी हजेरी लावून गेला नाही. पहिल्याच हंगामात त्याने जुन्या सहकारी नेस्तालाही इथे आणले आणि संघ उपांत्य फेरीत नेला. २०१५ मध्ये संघ साखळीत तळाला घसरला होता आणि तिथून त्याने तो उपांत्य फेरीपर्यंत वर आणला. तेवढ्यात डिसेंबरमधल्या महापुराने चेन्नई बुडाली. घरचे मैदान उरले नाही म्हणून उपांत्य फेरीचा 'घरचा' सामना पुण्यात, बालेवाडीला खेळावा लागला, आणि तिथे त्यांनी गतविजेत्या कोलकात्याला ३-० असे हरवले. २० डिसेंबरला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर अंतिम सामना होता, समोर झिकोंच्या मार्गदर्शनाखालचा एफसी गोवा आणि भोवती सगळे गोव्याचे प्रेक्षक. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला होफ्रेच्या गोलने गोवा २-१ ने पुढे गेला आणि फातोर्ड्यात जल्लोष सुरू झाला. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला, आणि जादा वेळेची चिन्हे दिसत असतानाच चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. गोवेकरांच्या मनातली ती जखम मी समजू शकतो. पण त्या संध्याकाळी चेन्नईच्या संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत धावत ठेवणारा प्रशिक्षक फक्त पैशासाठी आला होता, असे फातोर्ड्यात उपस्थित असलेला गोव्याचा माणूसही म्हणणार नाही.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी छायाचित्र ठेवावे, चिरिल्लो आणि सोरिन यांचे प्रसंगही हवे तर त्यात घालावेत. वंशद्वेषाची ओळ मात्र काढावी, आणि पाठवण्याआधी त्याच सामन्याचे एकोणिसावे मिनिटही एकदा पाहावे.