मांजराचं खरं, पण माणसाचं काय?

सर, नमस्कार.

'पाय कोण चालवतं?' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मांजरांवरच्या प्रयोगांच्या जोरावर मी माणसाच्या चालण्याचं श्रेय पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला दिलं आणि मेंदूला डावललं, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा, की लेख वाचून मज्जारज्जूला इजा झालेल्या तुमच्या पुतण्याने अंथरुणावरून विचारलं, "मग माझे पाय कधी चालणार?" हा दुसरा मला फार लागला. पण त्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी मांजरांकडे येतो.

१९११ साली थॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला. पायांकडून आत येणाऱ्या संवेदनांच्या नसाही कापल्या. म्हणजे वरून हुकूम नाही आणि खालून खबर नाही. तरी घोट्याचे पुढचे आणि मागचे स्नायू आळीपाळीने आवळत राहिले. एका उखळात दोघी बायका मुसळाने कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं. मधे उभं राहून कुणी आकडे मोजत नाही. ब्राउन यांची कल्पना साधारण तशीच होती: चेतापेशींचे दोन गट, एक काम करत असताना दुसऱ्याला दाबून धरणारा, तो थकला की दुसऱ्याची पाळी.

मग मेंदू करतो काय? १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मांजराच्या मध्यमेंदूतल्या एका छोट्या जागी वीज दिली. वीज कमी असताना मांजर चाललं, वाढवली तसं दुडक्या चालीने धावलं, आणखी वाढवल्यावर चौखूर उधळलं. वरून मिळत होतं ते फक्त 'किती' एवढंच. कुठला पाय कधी, हे खाली ठरत होतं. यात मेंदूला डावलणं नाही. निघायचं केव्हा, थांबायचं कुठे, खड्डा कसा चुकवायचा, हे सगळं त्याचंच काम.

माणसाबद्दल तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, आणि मी ते लिहायला हवं होतं. मज्जारज्जू तुटलेलं मांजर सरावाने फिरत्या पट्ट्यावर मागचे पाय टाकू लागतं. माणसाचं तसं होत नाही. दोन पायांवर तोल सांभाळताना आपण मेंदूवर कितीतरी जास्त विसंबतो. पण माणसात ती यंत्रणाच नाही, असंही नव्हे. मज्जारज्जू पूर्ण निकामी झालेल्या, आडवं झोपलेल्या माणसांच्या कमरेच्या भागात वीज दिल्यावर पायांत चालण्यासारखी लय उमटली, हे दिमित्रियेविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं.

आता लेखातला स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा भाग. ग्रेग्वार कूर्तीन आणि शल्यविशारद जोसलिन ब्लोख यांच्या गटाचा २०२२ चा अभ्यास. मज्जारज्जूला इजा झालेले नऊ जण, त्यांच्या मज्जारज्जूवर बसवलेले वीज देणारे इलेक्ट्रोड, महिनोन्‌महिने कसून सराव. वीज चालू असताना नऊही जणांचं चालणं परतलं किंवा सुधारलं. मला त्याहून विलक्षण वाटला तो उंदरांवरचा भाग. चेतापेशींचा एक विशिष्ट प्रकार त्यांना सापडला. धडधाकट उंदरात त्या पेशी बंद केल्या तर चालण्यात काहीच फरक पडत नाही. इजेनंतर सावरलेल्या उंदरात बंद केल्या, तर परत आलेलं चालणं जातं. एरवी ज्यांच्यावाचून अडत नाही, त्याच पेशी इजेनंतर भार उचलतात! हे वाचून मी हरखलो, आणि त्या भरात "पायांनी पुन्हा वाट धरली" असं लिहून मोकळा झालो. चुकलंच. आधार होता, वीज होती, काहींच्या पायांत इजेनंतरही थोडी संवेदना शिल्लक होती, यातलं काही मी सांगितलं नाही.

तुमच्या पुतण्याला कृपया हे माझ्या नावाने सांगा. नऊ माणसं म्हणजे अजून उपचार नव्हे. 'कधी' याचं उत्तर माझ्यापाशी नाही आणि ते आहे असं भासवल्याबद्दल मी त्याची माफी मागतो. पण इजेच्या खालच्या पेशी बहुधा मेलेल्या नसतात, त्यांच्यापर्यंत निरोप पोचत नाही, हे खरं आहे. म्हणून सांधे आखडू देऊ नका, कूस बदलायची वेळ चुकवू नका, फिजिओथेरपी सोडू नका. इजेखाली कुठे, किती संवेदना उरली आहे, हे डॉक्टरांकडून नीट तपासून लिहून घ्या.

लेखातलं ते वाक्य मी आज काढलं. त्या जागी आता आहे: "वीज चालू असताना, आधार घेऊन, काही पावलं."