कपाटात ठेवणं म्हणजे जपणं नव्हे

जुन्या नटनट्यांच्या रेकॉर्डेड मुलाखती जपा असं तुम्ही लेखात म्हणताय ते शंभर टक्के पटलं, पण कसं जपायचं ते तिथे थोडक्यात उरकलंय. सिनेमावाले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये बिऱ्हाड घेऊन नाशकात आले, त्यांच्या सिनेमात काम केलेल्या नटी कमलाबाई गोखले १९९० नंतरही हयात होत्या म्हणून रीना मोहन यांना त्यांच्यावर माहितीपट तरी करता आला, पण इथले सुतार, रंगारी, बायकांची कामं करणारी पोरं यांना कुणी माईक लावला असेल का हो? असो. घरात कॅसेटी असतील तर आधी बुरशी बघा, पांढरं काही दिसलं तर टेपरेकॉर्डरमध्ये घालूच नका, टेप वाचणारा हेडही खराब होतो आणि पुढच्या कॅसेटलाही लागतं. कॉम्प्युटरवरची कॉपी डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता ठेवणारी फाइल) २४ बिटची करा, एमपी३ नुसती व्हॉट्सॅपवर पाठवायला, आणि मूळ कॅसेट प्लीज फेकू नका. कोण बोलतंय, कधी, कुठे हे लिहा राव, नुसतं 'आजी भाग २' लिहिलेलं नातवाला काय कळणार? आपल्या नाशिकच्या सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासूनचं आहे ते, तिथे एक चांगला कॅसेट डेक आणि शिकलेला माणूस बसवला तर लोक आपणहून आणून देतील असं मला तरी वाटतं.