ट्रकचा दमा

माझ्या सहाचाकी ट्रकला दम्याचा आजार आहे, हे निदान पहिल्यांदा मेहुण्यानं केलं. पुण्याहून सिमेंट भरून येताना आम्ही खंबाटकी चढत होतो. दुसऱ्या गिअरला गाडी कण्हत होती, मागं काळा धूर, आणि आम्हाला ओलांडून गेलेल्या एसटीच्या खिडकीतून एक पोरगं टाटा करत होतं.

"दाजी, गाडीला हवा मिळंना."

मी आरशातून टायरकडं बघितलं.

"टायरची न्हाय ओ, इंजिनाची!" आणि त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला.

सांगलीला पोचल्यावर भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तो वालचंदला मेकॅनिकलला आहे, त्यामुळं आमच्याकडं मिक्सर बिघडला तरी त्यालाच विचारतात. एक किलो डिझेल जळायला साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागं बारा किलो, मापात सांगायचं तर दहा हजार लिटर. तेही कमीत कमी. डिझेल इंजिन त्याहून जास्तच ओढतं.

"बरंय, हवा पंपावर विकत मिळत नाही," बायको म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. दहा हजार लिटर! आणि आपण ती बिचारीला एका नळीतून ओढायला लावतोय.

मिरज रोडच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसतं बघितलं. डॉक्टर असं बघायला लागले की बिल वाढतं. "मालक, हा कंपनीचा डबा म्हंजे नाकात बोळा. काढूनच टाकू." डबा, आतला कागदी फिल्टर, केबिनमागची उभी नळी, सगळं एका पोत्यात गेलं आणि पोतं बाकड्याखाली. त्याजागी आला लालभडक उघडा फिल्टर, कुल्फीच्या साच्याएवढा. मधल्या पाइपाचा प्रश्न मेहुण्यानं सोडवला. तासगावला त्याच्या द्राक्षबागेत पाइपलाइनीचा चार इंची तुकडा पडला होता. मिस्त्रींनी तो कापला, पॉलिश पेपर मारला, चंदेरी रंग दिला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. "फकस्त पासिंगच्या टायमाला जुना डबा बसवून न्या. इसरू नका." शहाण्या माणसाला एवढं वाक्य पुरलं असतं.

भाचा येऊन बघून गेला. इंजिनाशेजारची तापलेली हवा विरळ असते, फिल्टर बाहेर घ्या, असं काहीतरी तो म्हणत होता. पण तोवर आम्ही नारळ फोडला होता.

आवाज मात्र झाला! ॲक्सिलेटर दाबला की शूऽऽ अशी शिट्टी. बायको दोनदा कुकर बंद करायला धावली. चौकात पोरं वळून बघायची आणि मी उगाच गिअर बदलायचो. पिकअप वाढलेला नाही, नुसता आवाज वाढलाय, हे कळायला आठ दिवस गेले. ॲव्हरेज तर मी त्या आठवड्यात काढलंच नाही. काही गोष्टी न मोजलेल्या बऱ्या.

मग मार्केट यार्डात हळदीची खेप आली. गाडी नेमकी पॉलिशच्या ड्रमशेजारी लागली. ड्रम फिरत होता, पिवळा धुरळा उडत होता आणि माझं इंजिन चालूच होतं. संध्याकाळी बॉनेट उघडलं तर लाल फिल्टर नवरदेवासारखा पिवळाधमक.

"हळद लागली, आता अक्षता टाकायच्या ऱ्हायल्या," हमाल म्हणाला.

अक्षता पडल्या परतीच्या वाटेवर. तोच खंबाटकी, तेच सिमेंट, वर एप्रिलचं ऊन. निम्म्या घाटात शिट्टी थांबली, गाडी गुदमरली आणि मागं असा काळा धूर निघाला की मागच्या टँकरवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. कडेला घेऊन बॉनेट उघडलं. द्राक्षबागेत थंडगार पाण्याची सवय असलेला पाइप इंजिनाच्या उष्णतेनं मऊ पडला होता, आणि इंजिनानं आतून ओढून तो पार चपटा केला होता, लहान पोरानं ओढून ओढून पिलेल्या फ्रूटीच्या खोक्यासारखा. वरचा चंदेरी रंग माझ्या बोटांना लागला. जास्त हवा मिळावी म्हणून बसवलेल्या पाइपातून आता दोरासुद्धा गेला नसता.

मेहुणा म्हणाला, "दाजी, मी जरा खाली चहा बघतो." तो थेट तासगावातच भेटला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बाकड्याखालचं पोतं ओढलं. कागदी फिल्टर काळाठिक्कर. नवा घ्यायला नको म्हणून दोन वर्षं मी त्याला कॉम्प्रेसरची हवा मारून चालवत होतो. मग त्यांनी केबिनमागच्या नळीचं टोपण काढलं, जाळीत दोन बोटं घातली आणि जाळीला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी सोलून काढली. उन्हात धरून झटकली. आतून चार शेंगदाणे आणि कढीपत्त्याचं एक पान पडलं.

भडंग गाडीत मी एकटाच खातो. पिशवी खिडकीतून सोडतो.

मिस्त्रींनी पिशवीचा वास घेतला. "मालक," ते म्हणाले, "लसूण जास्त घालून घेता व्हय?"